अकरा क्रियापदं सोडून

एखाद्या भाषेला वाहून घेतलेला माणूस जवळून पाहायला मिळणं, हे फार थोड्यांच्या भाग्यात असतं. माझ्या भाग्यात तो दोन वर्षं होता. रोज सकाळी साडेसहाला, बाथरूमच्या दाराबाहेर, हातात क्लिपबोर्ड घेऊन.

"अर घून तू अन दोरस?" बाहेरून आवाज यायचा.

ह्याचा अर्थ, 'तू दार लावलंस का?' दार लावलेलं होतं. मी दाराच्या आत होते आणि माझ्या तोंडात ब्रश होता. विचारणाऱ्याला हे सगळं ठाऊक होतं. पण उत्तर मिळाल्याशिवाय ते हलत नसत, आणि नुसतं 'हो' चालत नसे, कारण आयरिश भाषेत 'हो' नाही. 'नाही'सुद्धा नाही. दार लावलं असेल तर 'लावलं' म्हणायचं, नसेल तर 'लावलं नाही' म्हणायचं. तेव्हा तोंडातला फेस थुंकून मी ओरडायचे, "घून!" मग क्लिपबोर्डवर एक खूण व्हायची, चपला फरफटत खाली जायच्या आणि खालून काकूंचा आवाज यायचा, "अहो, त्या मुलीला तोंड तरी धुऊ द्या!"

काकूंचं ह्या भाषेविषयीचं मत पहिल्याच दिवशी ठरलं होतं. 'नाही' हा शब्दच नाही, हे ऐकल्यावर त्यांनी विचारलं होतं, "मग तिथल्या बायका नवऱ्याला काय म्हणतात?"

वेस्ट विंडसरला काका-काकूंच्या घरातली वरची खोली मी भाड्याने घेतली होती. नोकरी प्रिन्स्टनच्या बाजूला एका प्रयोगशाळेत, आकडेमोडीची. काका मूळचे यवतमाळचे, काकू साताऱ्याच्या. काका एका औषध कंपनीच्या क्वालिटी विभागात तीस वर्षं काढून निवृत्त झालेले. एकुलता एक मुलगा आयर्लंडला गॉलवे नावाच्या गावात नोकरीसाठी गेला, तिथल्याच मुलीशी लग्न करून तिथेच राहिला. त्याची मुलगी नीव्ह, मी आले तेव्हा वय वर्षं पाच. तिची शाळा अशी, की गणितापासून कवायतीपर्यंत सगळं आयरिशमधून. घरी मात्र ती इंग्रजी बोलते. आईशी, बापाशी, कुत्र्याशी, सगळ्यांशी. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण त्या घरात राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी काकांना हेच विचारलं होतं.

"काका, तिला इंग्रजी येतं ना? मग इंग्रजीतच बोला की तिच्याशी."

"इंग्रजी माझी ऑफिसची भाषा आहे," काका म्हणाले. "तीस वर्षं त्या भाषेत मी लोकांचा माल रिजेक्ट केला. आता नातीशी त्याच भाषेत बोलू? काय बोलून राहिली तू?"

"मग मराठी?"

काकू पोळ्या लाटत होत्या, त्या बोलल्या.

"मुलाला मराठी शिकवायची होती तेव्हा ह्यांचं इन्स्पेक्शन चालू होतं. तो चार वर्षांचा असताना डेकेअरमधून आला आणि इंग्रजीत बोलायला लागला. मी म्हटलं, अहो, बघा. हे म्हणाले, बोलू दे, येईल परत. आता अडतीसचा झाला. आपण मराठीत विचारायचं, त्याने इंग्रजीत सांगायचं. कुठला येतोय परत!"

काकांनी ह्याचा इन्कार केला नाही. त्यांचं म्हणणं एवढंच, की एक चूक झाली, ती नोंदवली गेली, आता पुन्हा होणार नाही. नातीशी बोलायला ऑफिसची नसलेली एक भाषा हवी. मराठी तिच्यापर्यंत पोचवायची तर मध्ये बाप होता, आणि बापापाशीच ती अडली होती. तेव्हा नात जिथे आहे तिथे आपण जायचं. दोन वर्षांनी उन्हाळ्यात ती पंधरा दिवसांसाठी येणार होती. तोवर तयार व्हायचं.

आता कोणीही भाषा शिकताना 'हे काय आहे', 'मला भूक लागली आहे' इथून सुरुवात करतो. काकांनी सुरुवात भूतकाळापासून केली आणि तिथेच मुक्काम ठोकला. मी आले तेव्हा त्यांना आयरिश शिकायला लागून वर्ष होऊन गेलं होतं आणि त्यांना 'आज थंडी आहे' म्हणता येत नव्हतं.

"आजोबाला वर्तमानकाळ कायले पाहिजे?" ते म्हणाले. रंगात आले की त्यांचं यवतमाळ बाहेर यायचं. "आजोबा नातीला काय सांगतो? गोष्टी. गोष्टी कोणत्या काळात असतात? भूत. भविष्य तिचं आहे, ते तिचं तिने पाहावं. माझा स्कोप ठरलेला आहे."

ह्या स्कोपविषयी ते फार सुंदर बोलत, हे मान्य करायला हवं. आपल्याकडे भूतकाळ क्रियापदाच्या शेपटाला लागतो, लावला, लावली, लावलं. आयरिशमध्ये तो तोंडाशी लागतो. 'दून' म्हणजे लाव. भूतकाळ करायचा तर पहिल्या अक्षरात थोडी हवा भरायची, की झालं 'घून'. पुढचं सगळं जसंच्या तसं. क्रियापद स्वराने सुरू होत असेल तर आधी एक 'द' चिकटवायचा. 'ओल' म्हणजे पी, 'दोल' म्हणजे प्यायलं. 'फ'ने सुरू होत असेल तर 'फ'ला गिळून टाकायचं आणि पुन्हा तोच 'द'. 'फन' म्हणजे थांब, 'दन' म्हणजे थांबलं. मी, तू, तो, ती, सगळ्यांना एकच रूप. फक्त 'आम्ही'ला वेगळी शेपटी.

"पाहिलं? तीन नियम," काका म्हणायचे. "दहा मिनिटांत ट्रेनिंग पूर्ण. ह्याला म्हणतात डिझाइन."

दहा मिनिटांचं ट्रेनिंग त्या घरात तीन वर्षं चाललं, ह्याला कारण क्वालिटी विभाग. नियमित क्रियापदं पास झाली होती. पण पुस्तकाच्या शेवटी अनियमित क्रियापदांचा एक तक्ता होता, त्यात अकरा क्रियापदं. काकांच्या दृष्टीने ती शिकण्याची गोष्ट नव्हती.

"अकरा डेव्हिएशन उघडे पडून आहेत," ते म्हणाले. "कोणी क्लोज केले नाहीत, कोणी रूट कॉज काढलं नाही, आणि ह्या लोकांनी भाषा मार्केटमध्ये आणून सोडली."

त्या अकरांची यादी लाल शाईत लिहून त्यांनी फ्रिजच्या दारावर लावली. वर शिक्का मारल्यासारखं 'रिजेक्ट'. येणं, जाणं, असणं, म्हणणं, पाहणं, ऐकणं, करणं, देणं, मिळणं, खाणं, आणि धरणं. ह्या शेवटच्याचाच दुसरा अर्थ जन्म देणं असाही होतो. म्हणजे माणसाच्या आयुष्यात जे जे घडतं ते जवळजवळ सगळं. 'खाणं' तर भूतकाळात अगदी नियमाने चालतं, हे मीच एकदा पुस्तकात पाहून त्यांना दाखवलं. त्यांना ते माहीत होतं.

"भूतकाळात सरळ वागतं, भविष्यकाळात बिघडतं," ते म्हणाले. "असल्या मालाला मी पास देत नसतो."

मीही त्यांच्या तपासणीतून सुटले नव्हते. सकाळच्या प्रश्नाला झोपेत 'हो' म्हणून गेले, की संध्याकाळी माझ्या ताटाशेजारी एक फॉर्म असायचा. तारीख, झालेली चूक, मूळ कारण, उपाययोजना. मी मूळ कारणात 'झोप' लिहायचे. ते फॉर्म परत करायचे. 'झोप' हे कारण नसून परिस्थिती आहे, असा शेरा मारून. प्रयोगशाळेत दिवसभर फॉर्म भरून मी घरी यायचे, ते हे भरायला. एकदा मी उपाययोजनेत 'दुसरं घर शोधणे' असं लिहिलं. तो मात्र त्यांनी मुकाट्याने फाइल केला, आणि दुसऱ्या दिवशी काकूंनी माझ्यासाठी पुरण घातलं. घर सोडायचं राहिलं.

आठवड्यातून एकदा मी त्यांना शेजारच्या गावातल्या ग्रंथालयात सोडायला जायचे. तिथे आयरिश गप्पांचा एक गट भरायचा. पणजोबा कधीतरी बोटीतून आलेले, असे सातआठ निवृत्त लोक. त्यांना नमस्कार-चमत्कार, दोन गाणी आणि हवामान एवढं आयरिश यायचं, आणि ते तेवढ्यावर खूश होते. केक आणायचे, चहा प्यायचे, गाणं म्हणून घरी जायचे. काका गेले ते चार्ट घेऊन. पहिल्या दिवशी त्यांनी एका आजीबाईंना गाणं मध्येच थांबवून त्यातलं क्रियापद तपासलं. दुसऱ्या आठवड्यात सगळ्यांना फॉर्म वाटले. चौथ्या आठवड्यात आम्ही गेलो तर खोलीत विणकाम करणाऱ्या बायका होत्या. गट दुसरीकडे भरतो म्हणाल्या. कुठे, ते गटाने कोणाला सांगितलं नव्हतं.

"शिस्त सोसत नाही ह्या लोकांना," गाडीत बसता बसता काका म्हणाले.

मग उरलं फक्त गोष्टीचं काम. नातीला सांगण्यासाठी काका एक गोष्ट रचत होते. त्यांच्या लहानपणची, यवतमाळची, खरी घडलेली. मोठ्या भावाने शेजारणीचा माठ फोडला आणि दोघं भाऊ दिवसभर घराबाहेर बसले, इतकीच. मराठीत त्यांनी ती मला एकदा सांगितली तेव्हा मी पोट धरून हसले होते. पण आयरिशमध्ये ती अकरा क्रियापदं सोडून सांगायची होती. गोष्टीत कोणी येत नसे आणि कोणी जात नसे, सगळे 'निघायचे' आणि 'चालायचे'. बघायचे, पण कोणाला काही दिसायचं नाही. कान द्यायचे, पण ऐकू यायचं नाही. प्रश्न विचारायचे, उत्तर द्यायचे, पण म्हणायचे काहीच नाहीत. खाण्याला बंदी असल्यामुळे सगळं कुटुंब नुसतं प्यायचं.

"काका, तुमच्या घरचे लोक दिवसभर पीत होते असं वाटेल हो तिला."

"पाणी प्यायले असं स्पष्ट आहे त्यात."

"सहा वेळा?"

"यवतमाळचा उन्हाळा तू पाहिला नाहीस."

काकूंनी मुद्द्याला हात घातला. "आणि सासूबाई? 'आई होती' असं म्हणता येत नाही म्हणता. मग काय, नव्हत्याच का त्या?"

"आईने दार लावलं," काका म्हणाले. "दार लावलं म्हणजे ती होती. हे इन्फर होतं."

असा माल तयार करून काका नेवार्क विमानतळावर उभे राहिले. गाडी मी चालवत नेली होती. सुनेला रजा मिळाली नव्हती, मुलगा आणि नात दोघंच आले. नीव्ह बापाचा हात धरून, डोळे चोळत बाहेर आली. काकू पुढे झाल्या आणि "निमू, निमू" करत तिला कवटाळलं. सुनेने ठेवलेलं नाव काकूंनी विमानतळावरच बदलून टाकलं होतं. मग काका तिच्यासमोर वाकले आणि तीन वर्षांची तयारी पणाला लावून त्यांनी विचारलं,

"अर ओल तू इश्क्ये?" पाणी प्यायलीस का?

पोरीने डोळे मोठे केले. बापाकडे पाहिलं, परत ह्यांच्याकडे पाहिलं. आणि म्हणाली, "दोल." प्यायले.

काका ताठ उभे राहिले. मी त्यांना इतकं ताठ त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"पाणी विचारायला तीन वर्षं," काकू म्हणाल्या. "जेवण विचारेपर्यंत हिचं लग्न होईल."

खरा प्रकार घडला तो त्या संध्याकाळी जेवताना. आजवर फोनवर तिच्याशी काकूच बोलत आल्या होत्या, आणि दिवसभर काका तिच्याशी आयरिश आणि बाकीच्यांशी मराठीच बोलले होते. नीव्हने वरणभाताचा चमचा खाली ठेवला आणि बापाला विचारलं, "डॅड, हॅज ही नो इंग्लिश?"

मुलाला हसू आलं. तो काही सांगणार, तोच काका ताटातली नजर न काढता मराठीत म्हणाले, "तोंड उघडू नकोस."

"अहो, लेकरू आहे ते," काकू म्हणाल्या. "फसवता काय तिला?"

"फसवत नाही. क्लॅरिफाय करत नाही. एकदा तिला कळलं की मला इंग्रजी येतं, की संपलं. तिला सोपं पडेल ते ती बोलेल. आणि तूसुद्धा," हे मुलाला, "माझ्याशी इंग्रजीत बोलायचं नाही. तिच्यासमोर तरी नाही."

"बट बाबा, आय कान्ट..."

"मराठीत."

मुलगा बापाकडे बघत राहिला. मी वरणाकडे बघत राहिले, कारण भाडेकरूने कुठे बघावं ह्याविषयी करारात काही नव्हतं.

इंग्रजी येत नाही असं दाखवणं हे दिसतं त्याहून अवघड काम आहे, विशेषतः ज्याचा तोरा त्या भाषेत आहे त्याला. काकांनी टीव्हीवरच्या बातम्या बंद केल्या. विमा कंपनीचा फोन आला की ज्या माणसाने त्यांना अर्धा अर्धा तास झापलं असतं, तो फोन निमूटपणे माझ्या हातात द्यायचा. शेजारी कुंपणाशी येऊन गवताविषयी काहीतरी टोचून बोलला, तेव्हा नात शेजारी उभी होती म्हणून काका नुसते मान डोलवत राहिले. शेजारी घाबरून आत गेला आणि त्याच संध्याकाळी त्याने स्वतःच गवत कापलं.

काकूंना मात्र ही पर्वणी होती. त्यांच्यावर बंदी नव्हती. त्या नातीशी खुशाल इंग्रजीत बोलत आणि काकांच्या समोर बसून बोलत. "युवर ग्रँडफादर, व्हेरी स्टबर्न मॅन. सिन्स मॅरेज. वन टाइम ही सेंट बॅक माय मदर्स लाडू. नो लेबल, ही सेड." काकांना कळलं नाही असं दाखवणं भाग होतं. ते पेपर वाचत बसत. पेपर इंग्रजी होता, म्हणून तोही काकूंनी हातातून काढून घेतला. "व्हाय ही इज लुकिंग? ही कॅनॉट रीड."

आणि मुलगा. तिसऱ्या दिवशी सकाळी तो जिन्यात उभा राहून, प्रत्येक शब्द जणू खिशात शोधत, म्हणाला, "बाबा, गाडीचा चावी... कुठे ठेवला?"

मी थांबले. ताटाशेजारी फॉर्म ठेवणारा माणूस आता काय करतो ते मला पाहायचं होतं.

"ड्रॉवरमध्ये," काका म्हणाले.

मुलगा गेल्यावर काकू हळूच म्हणाल्या, "चावी 'ठेवला' म्हणाला तो."

"म्हणू दे," काका म्हणाले.

आठवडा उलटल्यावर मी आजोबा-नातीला घेऊन आमच्या नेहमीच्या भारतीय दुकानात गेले. दुकानाच्या गुजराती मालकीणबाई काकांना चांगल्या ओळखून होत्या. वर्षानुवर्षं दह्याच्या आणि पनीरच्या तारखांवरून दोघांचं इंग्रजीत वाजत आलेलं. काकांनी पनीर उचललं, उलटं केलं, चष्मा वर करून तारीख वाचली. दोन दिवस होऊन गेले होते. त्यांचं तोंड उघडलं, आणि बाजूला नीव्ह उभी आहे हे लक्षात येऊन परत मिटलं. पुडा हातात धरून ते काउंटरपाशी नुसते उभे राहिले.

"व्हॉट हॅपन्ड, अंकल?" मालकीणबाईंनी सवयीने कंबर कसली.

नीव्ह पुढे झाली. "माय ग्रँडॅड हॅज नो इंग्लिश," ती म्हणाली. "आय'ल आस्क हिम."

मालकीणबाई माझ्या कानाशी आल्या. "अंकल को क्या हो गया? स्ट्रोक आया क्या?"

मी काय सांगणार! म्हटलं, नात आली आहे. त्यांनी मान हलवली, जणू त्याने असं होतंच.

इकडे नीव्हने आयरिशमध्ये काहीतरी विचारलं. काका पुड्याकडे बघत होते. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला स्पष्ट दिसत होतं, कारण तो सगळा साठा मला पाठ होता. लावलं, फोडलं, प्यायलं, चाललं, विचारलं. 'मुदत संपली' ह्याच्या जवळपासचं काहीही त्यात नव्हतं. मग त्यांनी पुड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "दन." थांबलं. जरा विचार करून पुन्हा म्हणाले, "दन. दन."

पोरीने पुड्यावरची तारीख वाचली, मालकीणबाईंकडे वळली आणि गंभीरपणे म्हणाली, "ही सेज इट्स बीन वेटिंग टू लाँग."

बाईंनी एक शब्द न बोलता पनीर बदलून दिलं. इतक्या वर्षांत काकांना एकदाही ते न भांडता बदलून मिळालं नव्हतं. गाडीत ते मागे नातीशेजारी बसले होते. मी आरशातून पाहिलं तर मांडीवर पनीर घेऊन खिडकीबाहेर बघत होते. जिंकलेला माणूस बसतो तसे.

म्हणून मग मुख्य कार्यक्रम दुसऱ्याच दिवशी ठरला. दुपारी मागच्या डेकवर खुर्च्या मांडल्या. काकांनी धुतलेला शर्ट घातला. मुलगा आत फोनवर होता, काकू डाळिंब सोलत होत्या, मी लॅपटॉप घेऊन कोपऱ्यात. काकांनी गोष्ट सुरू केली. भावाने माठ फोडला. शेजारणीने विचारलं. भावाने उत्तर दिलं. आईने दार लावलं. आम्ही थांबलो. आम्ही पाणी प्यायलो. एकही चूक नव्हती. प्रत्येक क्रियापदाचं पहिलं अक्षर हवा भरून बाहेर पडत होतं.

नीव्हने सगळं नीट ऐकून घेतलं. मग ती खुर्चीत पुढे सरकली आणि बोलायला लागली. भराभर, हातवारे करत. तिला बरंच काही विचारायचं होतं, गोष्ट तिला आवडली होती. मला आयरिश येत नाही. पण दोन वर्षं त्या फ्रिजमधून दूध काढलेलं, त्यामुळे दारावरची लाल यादी ओळखू येत होती. तिच्या तोंडून तीच सगळी बाहेर पडत होती. होता, गेला, म्हणाली, पाहिलं, दिलं, मिळालं. पोरं दुसरं काय बोलतात!

काकांना एक अक्षर कळलं नाही. ते हसले. मग त्यांनी गोष्ट पहिल्यापासून पुन्हा सांगितली.

तिने पुन्हा विचारलं, ह्या वेळी सावकाश. काका पुन्हा "भावाने माठ फोडला" पाशी आले. तिसऱ्यांदा ती थांबली आणि त्यांच्याकडे निरखून बघू लागली. आजारी माणसाकडे बघतात तसं. मग माझ्याकडे वळून, अगदी हळू आवाजात, त्यांचा अपमान होऊ नये म्हणून, ती म्हणाली, "हिज आयरिश इजन्ट गुड आयदर."

मी लॅपटॉपमध्ये डोकं घातलं.

"सो हू टॉक्स टू हिम?" तिने विचारलं.

काकूंचा डाळिंब सोलणारा हात थांबला. तो प्रश्न काकांना कळला होता, इथे बसलेल्या कोणाहीपेक्षा चांगला. तीस वर्षं ज्या भाषेत त्यांनी लोकांना गप्प केलं, त्या भाषेत उत्तर द्यायला एक क्षण पुरला असता. आणि तिला सोपं पडलं असतं, आम्हा सगळ्यांनाच पडलं असतं. मला इतका राग आला होता त्यांचा, की मीच सांगून टाकणार होते. अहो, बोला ना, येतं तुम्हाला, सोडा तो हट्ट.

ते बोलले नाहीत. समोरच्या गवताकडे बघत राहिले.

नीव्ह उठून त्यांच्या खुर्चीच्या हातावर बसली. त्यांची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं आणि एक शब्द म्हणाली. लाल यादीतला, 'होतं' ह्या अर्थाचा. त्या अकरांतलं सगळ्यांत वाकडं क्रियापद. कुठल्याच नियमात न बसणारं. तिने तो पुन्हा म्हटला आणि त्यांच्या ओठांकडे बघत वाट पाहिली.

"व्ही," काका म्हणाले.

"नो," ती म्हणाली, आणि पुन्हा म्हणून दाखवला.

उरलेले पाच दिवस ती शाळा चालली. तिचं शिकवणं कडक होतं. घराणंच तसं.

त्यानंतर काही महिन्यांनी मला शिकागोला नोकरी मिळाली आणि मी ते घर सोडलं. बाथरूमचं दार आता मी लावते, न लावते, कोणी विचारत नाही. काकूंचा फोन येतो अधूनमधून, त्यातून कळतं. नीव्ह आठ वर्षांची झाली. आजोबांना इंग्रजी येत नाही हे तिने शाळेत सांगितलं आहे आणि वर्गाला त्याचं वाईट वाटलं आहे. दर रविवारी सकाळी ती व्हिडिओवर त्यांची शिकवणी घेते. मुलगा मागे बसलेला असतो आणि त्यालाही मग बापाशी मराठीतच बोलावं लागतं, नाहीतर सगळं उघडं पडेल. चुका फार करतो, काकू म्हणाल्या. पण मोजत कोणी नाही.

नीव्हच्या शाळेतल्या बाईंनी आजोबांसाठी एक पुस्तक पाठवलं. त्यांच्या शाळेत ते चार वर्षांच्या मुलांना लावतात. काका सध्या सहाव्या पानावर आहेत. त्या पानावर बदक आहे.